पिंक सॉस फाटतोय? क्रीमची कंपनी बदलण्याआधी हे तपासा

गोव्यात, फोंड्याला, मी घरून वाढदिवसाच्या छोट्या ऑर्डरी घेते. हल्ली मुलांना समोसा नको असतो, पिंक सॉस पास्ता हवा असतो, म्हणजे टोमॅटोच्या लाल सॉसमध्ये क्रीम घालून केलेला. तो पाहून आया घरी करायला जातात आणि संध्याकाळी फोन येतो, ‘वहिनी, परत फाटला. आता कुठल्या कंपनीचं क्रीम आणू?’ क्रीमची कंपनी हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी घेते. आधी विचारते, फाटला म्हणजे टोपात नेमकं दिसतंय काय? ‘फाटला’ या एका तक्रारीत चार-पाच वेगळे बिघाड असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

लक्षणं आधी बघा

चमचा सॉसमध्ये बुडवून उलटा धरा आणि त्याची पाठ बघा.

पांढरे बारीक कण दिसतात, त्यांच्यामधून लालसर पाणी ओघळतं आणि बोटांत चोळलं तर खरखरीत लागतं: दुधातलं प्रथिन गोळा झालंय. खरा फाटलेला सॉस हा.

कण नाहीत, सॉस जिभेला मऊ आहे, पण वर केशरी तेलाचा तवंग आलाय: स्निग्धांश सुटलाय. टोमॅटोचा लाल रंग, म्हणजे लायकोपीन, तेलात विरघळतो, म्हणून तवंग केशरी दिसतो. घाबरण्यासारखं काही नाही, हा परत जुळतो.

टोपात छान होता, पण ताटात वाढल्यावर पास्त्याखाली पाण्याचं तळं झालं: सॉस फाटलेलाच नाही. एकतर टोमॅटो पुरता आटला नव्हता किंवा पास्ता नीट निथळला नव्हता.

रात्री गुळगुळीत होता, सकाळी डब्यासाठी गरम केला आणि फाटला: दोष गरम करण्याच्या पद्धतीत आहे, खाली त्याबद्दल लिहिलंय.

गुळगुळीत आहे पण आंबट-तुरट लागतो, जिभेवर लोखंडाची चव येते: भांडं तपासा.

फाटलेला सॉस बिघडलेला नसतो. दिसायला वाईट, खायला चालतो. दूध किंवा क्रीम मुळातच आंबलेलं असेल, वास येत असेल, पाकीट फुगलेलं असेल, तर मात्र चव घेऊन बघण्याच्याही फंदात पडू नका. सरळ टाकून द्या.

आत्ता गॅसवर फाटलेला टोप आहे?

गॅस बंद करा आणि टोप गरम शेगडीवरून खाली उतरवा. ढवळत ढवळत शिजवत राहिलात तर कण आणखी घट्ट होतात.

नुसता तेलाचा तवंग असेल तर पास्ता उकळलेलं पाणी दोन-तीन चमचे घाला आणि रवीने किंवा व्हिस्कने जोरात फेटा. त्या पाण्यात पास्त्याचा स्टार्च असतो, तो तेल आणि पाणी परत एकत्र धरतो. बहुतेक वेळा मिनिटभरात सॉस पूर्ववत होतो. म्हणूनच पास्ता निथळताना वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवायची सवय लावून घ्या. सिंकमध्ये ओतून टाकलं की मग आठवण येते.

कण झाले असतील तर ते पुन्हा दुधात विरघळणार नाहीत, हे आधीच सांगते. फक्त बारीक करता येतात. सॉस थोडा निवू द्या, मिक्सरमध्ये दोन चमचे फ्रेश क्रीम आणि एक चमचा कॉर्नफ्लोअरची पेस्ट घालून फिरवा, मग अगदी मंद आचेवर ढवळत कॉर्नफ्लोअर शिजेपर्यंत ठेवा. दहाव्या वर्षाच्या वाढदिवसाला हा सॉस खपतो. पाहुण्यांसमोर ठेवायचा तर गाळणीतून गाळा. गरम सॉस मिक्सरमध्ये अर्ध्याच्या वर भरू नका आणि झाकण गच्च लावू नका. वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. झाकणावर जाड फडकं धरा.

हे का होतं?

ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ असतो, टोमॅटोचा साधारण ४.३ ते ४.९. पीएच जितका कमी, तितका पदार्थ आंबट. दुधातलं केसीन हे प्रथिन गार दुधात ४.६ पीएचला गोळा होतं. दूध तापलेलं असेल तर इतक्या आंबटपणाचीही गरज लागत नाही, पाचाच्या वरच काम होतं. पनीर आपण असंच तर करतो: दूध तापवायचं, त्यात लिंबू पिळायचं. गरम टोमॅटोत दूध ओतणं हीसुद्धा पनीरचीच कृती आहे. क्रीम वाचतं ते एवढ्यासाठी की त्यात स्निग्धांश जास्त आणि त्या मानाने प्रथिन कमी. दुकानात मिळणाऱ्या छोट्या डब्यातल्या फ्रेश क्रीममध्ये बहुधा २५ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे ते दुधापेक्षा खूपच दमदार, पण परदेशी व्हिडिओतल्या ३६ टक्क्यांच्या हेवी क्रीमइतकं नाही. व्हिडिओतली बाई क्रीम ओतून खुशाल उकळत राहते आणि तिचा सॉस फाटत नाही, त्याचं कारण हेच. तिची नक्कल आपल्या डब्याला झेपत नाही.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी.

१. आच आणि क्रम

क्रीम घातलं तेव्हा सॉस रटरटत होता का? घातल्यावर परत उकळी आणली का? यांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं वाचण्याआधी एकदा हेच सुधारून बघा. मला येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक इथेच मिटतात.

आपला हात वेगळ्या स्वयंपाकावर बसलेला असतो. मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा, रस्सा खदखदून उकळायचा, ‘एक उकळी काढली की बरं’. क्रीम पडेपर्यंत हे सगळं शंभर टक्के बरोबर आहे. क्रीम पडल्यावर यातली प्रत्येक गोष्ट चूक. घरातल्या आजीला हे समजावणं सोपं जातं: मणगण्यात (चणाडाळीच्या खिरीत) नारळाचा पहिला दाट रस शेवटी घालतो आणि मग खदखदू देत नाही ना? क्रीमलाही तोच नियम.

थोडक्यात, क्रीमनंतर शिजण्यासारखं काही उरता कामा नये. कांदा, लसूण, टोमॅटोचा कच्चेपणा, सिमला मिरची, मक्याचे दाणे, सगळं आधी शिजलेलं हवं. अर्धा किलो टोमॅटोचा लगदा दोन चमचे तेलात लसणीवर घातला की मध्यम आचेवर १५ ते २० मिनिटं लागतात. कडेने तेल दिसायला लागलं, ढवळताना टोपाचा तळ क्षणभर दिसायला लागला की झालं. आटवल्याने आंबटपणा कमी होतो असं समजू नका. पाणी उडतं, आम्ल तिथेच राहतं. आटवायचं ते एवढ्यासाठी की पुढे उकळायची संधी मिळणार नाही.

मग गॅस बंद. सिम नव्हे, बंद. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, दोनेक मिनिटं, थांबा. मग क्रीम. वरच्या प्रमाणाला २०० मिलीच्या डब्यातलं अर्धं पुरतं. ढवळून एकजीव झालं की परत सिमवर, तेही वाफ दिसेल पण बुडबुडा फुटणार नाही इतकंच, दोन मिनिटं. पास्ता घाला, उतरवा.

जाड बुडाचा टोप आणि मोठं माप असेल तर जास्त थांबा. दहा लिटरचं पातेलं गॅस बंद केल्यावरही बराच वेळ आतून खदखदत असतं. घरी अर्ध्या किलोला जमणारा सॉस चवथीच्या सुट्टीत तीस माणसांना करताना फाटतो तो यामुळे. कृती तीच असते, पण भांड्यात साठलेली उष्णता कितीतरी जास्त.

२. दोन वाट्यांची चाचणी

आच सुधारूनही कण होत असतील तर पूर्ण डबा ओतायच्या आधी हे करा. दोन वाट्या घ्या. पहिलीत दोन चमचे गरम टोमॅटो सॉस आणि एक चमचा क्रीम. दुसरीत दोन चमचे कडकडीत पाणी आणि त्याच डब्यातलं एक चमचा क्रीम. ढवळा आणि दोन मिनिटं थांबा.

दोन्ही गुळगुळीत: साहित्यात दोष नाही, तुमची आचच अजून मोठी आहे. वर जा.

पाण्याच्या वाटीतही कण किंवा स्निग्ध तुकडे तरंगले: क्रीमच खराब. चौथी तपासणी.

पाण्यात ठीक, टोमॅटोत कण: आंबटपणा जास्त. तिसरी आणि पाचवी.

चमचाभर क्रीममध्ये एवढं कळतं. तरी हे कोणी करत नाही आणि अख्खा डबा घालवतात.

३. लपलेलं आंबट

‘मी काहीच आंबट घातलं नाही’ म्हणणारीच्या ओट्यावर केचपची बाटली उभी असते. केचपमध्ये व्हिनेगर असतं. तयार टोमॅटो प्युरीचं लेबल वाचा. ‘ॲसिडिटी रेग्युलेटर ३३०’ असं लिहिलेलं असेल तर तो सायट्रिक आम्ल आहे, लिंबातलाच. ‘२६०’ असेल तर ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचा जीव. केचप रंगाला आणि गोडीला घालायचंच असेल तर टोमॅटोबरोबर घाला आणि शिजू द्या. क्रीमनंतर वरून पिचकारी मारू नका. शेवटी लिंबू पिळायची सवयही इथे आवरा.

गोव्यात आणखी दोन गुन्हेगार आहेत.

पहिला चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. गोव्याचा चोरिस व्हिनेगर आणि मिरचीत मुरवलेला असतो, आणि त्यात चरबीही भरपूर. तो थेट सॉसमध्ये सोडला की आंबट आणि तेल दोन्ही एकदम उतरतात, मग कणही होतात आणि तवंगही. चोरिस पास्त्यात अप्रतिम लागतो, यात वाद नाही. पण तो वेगळ्या तव्यावर परता, सुटलेलं लाल तेल काढून ठेवा (दुसऱ्या दिवशी त्यात अंडं करा), आणि तुकडे वाढताना वरून घाला. खरं सांगू का, चोरिसला क्रीम लागतच नाही. नुसता लाल सॉस करा, जास्त शोभतो.

दुसरा वाइन किंवा माडाचं व्हिनेगर. ‘उरलेली वाइन घातली, अल्कोहोल उडून गेला’ असं सांगतात. अल्कोहोल उडतो, द्राक्षाचं आम्ल उडत नाही. वाइन घालायची तर टोमॅटोच्या आधी, पाव कपापेक्षा जास्त नको, आणि मग खाण्याच्या सोड्याची चिमूट (पाचवी तपासणी) विसरू नका.

सुंगटं (कोळंबी) घालणाऱ्यांसाठी: ती आंबट नसतात, पण पाणी सोडतात. सॉस पातळ झाला की आपण आच वाढवतो आणि तिथे घात होतो. सुंगटं आधी वेगळी परतून घ्या.

४. क्रीम, साय, दूध

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

घरची साय. तूप कढवण्यासाठी साठवलेल्या सायीत बऱ्याच घरांत विरजणाचा चमचा असतो. ती साय आधीच आंबट झालेली असते. गरम टोमॅटोत पडली की तिचे कण होणारच, त्यात तुमचा काही दोष नाही. विरजण नसलं तरी आठवड्याची साय हळूहळू आंबतेच. सॉसला साय हवी तर त्याच दिवशीची किंवा आदल्या दिवशीची घ्या आणि दोन चमचे दूध घालून चमच्याने फेटा. मिक्सर जास्त फिरवलात तर लोणी निघेल.

दूध. ‘क्रीम नको, जड होतं’ म्हणून टोन्ड दूध थेट टोमॅटोत ओतलं तर ते फाटणार. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६. दोन्हींत प्रथिन भरपूर आणि ते झाकायला स्निग्धांश कमी. दूध वापरायचंच तर आधी व्हाइट सॉस करा: एक मोठा चमचा लोणी, एक मोठा चमचा मैदा, मंद आचेवर मिनिटभर परता, मग एक कप दूध थोडं थोडं घालत घट्ट होईपर्यंत ढवळा. शिजलेला स्टार्च प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटू देत नाही. मग गॅस बंद करून या व्हाइट सॉसमध्ये टोमॅटो डावाडावाने मिसळा. उलट करू नका, कारण टोमॅटोत दूध घातलं की दुधाचा पहिला थेंब सगळ्या आंबटाला एकटा सामोरा जातो.

फ्रेश क्रीमलाही हाच न्याय लावलेला बरा. वाडग्यात क्रीम घ्या, त्यात डावभर सॉस घालून ढवळा, आणखी डावभर, मग ते सगळं टोपात. क्रीम फ्रीजमधून थेट ओतलं की सॉस एकदम निवतो आणि हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो. गोव्याच्या हवेत डबा १५-२० मिनिटं बाहेर ठेवला तरी पुरे. तासभर विसरू नका.

गोठलेलं क्रीम. डबा फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकून ठेवला असेल तर तिथे बर्फ धरतो. एकदा गोठलेलं क्रीम वितळल्यावर दाणेदार होतं, स्निग्धांश आणि पाणी वेगळे होतात. असं क्रीम केकमध्ये किंवा भाजीत चालेल, सॉसमध्ये नाही. डबा मधल्या कप्प्यात पुढे ठेवा.

केकचं व्हिपिंग क्रीम. स्वस्त असतं आणि उरलेलं असतं म्हणून घातलं जातं. त्यातली बरीच वनस्पती तेलाची आणि आधीच गोड केलेली असतात. फाटणार नाही कदाचित, पण सॉस आइस्क्रीमसारखा गोड लागेल. लेबल वाचा.

पर्याय हवा असेल तर काजू. पंधरा-वीस काजू अर्धा तास गरम पाण्यात भिजवून अगदी गुळगुळीत वाटा आणि क्रीमचं प्रमाण निम्मं करा. काजूत केसीन नाही, थोडा स्टार्च आहे, त्यामुळे तो फाटत नाही आणि सॉसला बांधून धरतो. यासाठी पर्यटकांच्या दुकानातला अख्खा मोठा काजू आणू नका. तुकडा काजू आणा, वाटायचाच तर आहे. नारळाच्या दाट रसानेही सॉस होतो, पण उकळला की त्याचंही तेल सुटतं आणि चव पास्त्याची राहत नाही. मुलं लगेच ओळखतात.

प्रोसेस्ड चीजचा एक क्यूब किसून घातला तरी फरक पडतो. त्यात चीज एकजीव ठेवण्यासाठी सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार असतात, तेच क्षार सॉसमधल्या प्रथिनालाही सांभाळून घेतात. मोझरेलात हे नसतं, ते आंबट सॉसमध्ये तारा आणि गोळे होऊन बसतं. ते वरून घाला.

५. टोमॅटो आणि सोडा

गोव्यातला बराचसा टोमॅटो बेळगावहून येतो. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर घ्या नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, एकाच दिवशी दोन जातींचा दिसेल: लांबट, जाड सालीचा, गरदार, आणि गोल, रसाळ, पातळ सालीचा गावठी. सॉसला लांबट घ्या. गावठी आंबट असतो आणि त्यात बियांभोवतीचा गर जास्त. आम्ल त्या बुळबुळीत गरातच अधिक असतं. गावठीच हाताशी असेल तर अर्ध्या टोमॅटोंचा तो भाग काढून टाका. सगळ्यांचा काढलात तर सॉस बेचव होईल, कारण चवही तिथेच आहे. अर्धवट हिरवे टोमॅटो घेऊ नका, दोन दिवस टोपलीत ठेवून लाल होऊ द्या.

तरीही वाटीत कण दिसले तर खाण्याचा सोडा. अर्धा किलो टोमॅटोला आधी चिमूटभर, लागलाच तर एकूण पाव छोटा चमचा, त्याच्या पुढे नाही. आटलेल्या टोमॅटोत घाला, फेस येईल, ढवळा, फेस पूर्ण बसू द्या आणि मग क्रीम. फेस म्हणजे आम्ल आणि सोडा एकमेकांना मारताहेत. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ती कशानेही जात नाही. सोडा खारट असतो, म्हणून मीठ त्यानंतर.

साखर? साखरेने आंबट चव दबते, आम्ल तसंच राहतं. चवीला चिमूटभर घाला हवी तर, पण साखर घातली म्हणून सॉस फाटणार नाही असं होत नाही. हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की आता वाद घालत नाही, सरळ दोन वाट्या पुढे ठेवते.

६. भांडं

स्टील किंवा नॉनस्टिक. लोखंडी कढईत टोमॅटो १५ मिनिटं शिजला की लोह उतरतं, सॉस काळपट होतो आणि चव बदलते. जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) टोपालाही आंबट चालत नाही. पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मधोमध आच लागते आणि तेवढ्याच जागी क्रीम उकळतं, बाकी टोप शांत दिसतो. असलं पातेलं तव्यावर ठेवून बघा.

७. दुसऱ्या दिवशीचा सॉस

डब्यासाठी करायचा असेल तर क्रीमशिवायचा लाल सॉस जास्त करून ठेवा. तो फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो, फ्रीजरमध्ये दीड-दोन महिने, आणि सकाळी क्रीम घालायला पाच मिनिटं लागतात. क्रीम घातलेला सॉस फ्रीजरमध्ये टाकू नका, वितळताना दाणेदार होतो.

क्रीम घातलेला उरलाच असेल तर दोन चमचे पाणी किंवा दूध घालून सिमवर, सतत ढवळत, कोमट-गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर तीस-तीस सेकंद, मध्ये ढवळत. आणि आपल्याकडच्या उकाड्यात शिजवलेला क्रीमचा सॉस ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात तर तासाभरात फ्रीजमध्ये.

८. फ्रीज, शेगडी, आणि थांबायचं कुठे

वरचं सगळं करून झालं आणि तरीही दर वेळी फाटतोय, तर स्वयंपाक सोडून यंत्रांकडे बघा.

फ्रीज: दूध दोन दिवसांतच आंबतंय का? भाज्याही लवकर मऊ पडताहेत का? साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात ठेवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा. सकाळी ५ अंशांच्या वर दिसला तर आधी कंट्रोल वाढवा, मागे बर्फाचा थर असेल तर काढा, दाराचं रबर पुसा आणि कागदाची पट्टी दारात अडकवून ओढून बघा. पट्टी सहज सुटली तर रबर गेलं. एवढं करून पारा खाली येत नसेल तर फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. गॅस भरणं, कॉम्प्रेसर, ही आपली कामं नाहीत, आणि तोवर त्यातलं क्रीम वापरू नका.

शेगडी: बऱ्याच घरांत सिमवरची ज्योतच मोठी असते. अर्धं पातेलं पाणी झाकण न ठेवता सिमवर दहा मिनिटं ठेवा. खदखदून उकळी फुटली तर तुमचा सिम हा सिम नाही. सगळ्यात छोट्या बर्नरवर जा, खाली जाड तवा ठेवा. बर्नरची टोपी गार झाल्यावर काढून धुवा, भोकं पिनने मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा. इथपर्यंत घरी.

यापुढे हात घालू नका. बटणाच्या आतला स्क्रू फिरवून सिम कमी करायचे व्हिडिओ सापडतात, ते करू नका. ज्योत पिवळी येते, टोपाच्या बुडाला काजळी धरते, सिमवर ज्योत विझते, बटण घट्ट फिरतं किंवा पाइपला तडे दिसतात, यांपैकी काहीही असेल तर गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलवा. गॅसचा वास आला तर सॉसचा विचार सोडा: रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याचं बटण चालू-बंद करायचं नाही, आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन.

पन्नास माणसांच्या वर पिंक सॉस करायचा असेल तर तो केटररकडे द्या. घरच्या शेगडीवर एवढ्या मोठ्या पातेल्याची आच हातात राहत नाही. फारच घरचा हवा असेल तर लाल सॉस मोठ्या पातेल्यात करून ठेवा आणि क्रीम वाढायच्या वेळी दहा-दहा माणसांपुरतं, वेगळ्या टोपात घाला.

मेकॅनिक येऊन गेल्यावर पाण्याचं पातेलं परत सिमवर ठेवा. दहा मिनिटांनी नुसती वाफ आणि कडेला बारीक बुडबुडे दिसले तर त्याला पैसे द्या आणि टोमॅटो चिरायला घ्या.